धोकादायक मालाची गाडी थांबवायची कुणी?

कळवा, मुंब्रा, दिवा, निळजे, तळोजा, कळंबोली. या पट्ट्यात रुळांना लागून राहणाऱ्या माणसाला मालगाडीचं काही वाटेनासं झालेलं असतं. मध्यरात्री तावदानं थरथरतात, फडताळातली भांडी किणकिणतात, माणूस कूस बदलून पुन्हा झोपतो. पण एखाद्या दिवशी फाटकात अडकावं, समोरून टाक्यांच्या वॅगनची न संपणारी रांग जावी, एखाद्या टाकीखाली ओल दिसावी, आणि मग मनात येतं: यात काय भरलंय? हे गळायला लागलं, पेटलं, तर गाडी थांबवणार कोण? कलेक्टर? महापालिका? पोलीस? की आपणच लाल कपडा घेऊन धावायचं?

आमच्या सोसायटीच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा जेवढी माणसं तेवढी उत्तरं आली. बहुतेकांचा समज असा की एवढी मोठी गाडी थांबवायची म्हणजे कुणीतरी फार मोठ्या साहेबाची सही लागत असणार. मी वकिली करतो, म्हणून मूळ कायदे काढून बसलो. तिथलं चित्र नेमकं उलटं आहे. गाडी थांबवण्याचा सर्वात स्पष्ट, सर्वात थेट अधिकार रेल्वेच्या साध्यातल्या साध्या कर्मचाऱ्याला आहे. आणि ज्यांच्याकडे आपण अपेक्षेने बघतो, त्या जिल्हा प्रशासनाच्या आणि महापालिकेच्या हातात सिग्नलपर्यंत पोचणारा एकही दोर थेट बांधलेला नाही.

आधी धोकादायक म्हणजे काय, ते बघू. रेल्वेसाठी ही यादी ‘रेल्वे रेड टॅरिफ नियम, २०००’ मध्ये आहे. त्यात आठ वर्ग आहेत: स्फोटकं; दाबाखाली भरलेले वायू; पेट्रोलियम आणि इतर ज्वालाग्राही द्रव; पेट घेणारे घन पदार्थ; ऑक्सिजन पुरवून आग भडकवणारे पदार्थ; विषारी पदार्थ; किरणोत्सारी पदार्थ; आणि आम्लं व इतर गंजवणारे पदार्थ. कुठला माल कशात भरायचा, त्यावर काय लिहायचं, कशाशेजारी काय ठेवायचं नाही, हे सगळं त्यात येतं.

टाकीची वॅगन निदान ओळखता तरी येते. तिच्या अंगावर मोठ्या अक्षरांत प्रकार लिहिलेला असतो: बीटीपीएन म्हणजे पेट्रोल-डिझेलसारख्या तेलाची टाकी, बीटीपीजीएलएन म्हणजे एलपीजीची. आपल्याकडे खरी पंचाईत कंटेनरची आहे. १९८९ साली न्हावाशेवा बंदर सुरू झालं, तेव्हापासून पनवेल–दिवा–वसई हा मार्ग गुजरातकडे आणि उत्तरेकडे जाणाऱ्या कंटेनरगाड्यांचा राजरस्ता झाला. कंटेनर बाहेरून सगळे सारखेच. आत तांदूळ आहे की रसायन, हे कळायला त्याच्या पत्र्यावर चिकटवलेली पतंगाच्या आकाराची चौकोनी खूण शोधावी लागते. तिच्यावर वर्गाचा आकडा असतो आणि बऱ्याचदा जोडीला चार आकडी संयुक्त राष्ट्र क्रमांक: पेट्रोल १२०३, एलपीजी १०७५, अमोनिया १००५, क्लोरीन १०१७. हे चार आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. अग्निशमन दलाला फोनवर ‘पांढरा धूर येतोय’ एवढंच सांगितलं तर त्यांना काही ठरवता येत नाही. ‘टाकीवर १०१७ लिहिलंय’ म्हटलं की गाडीत काय साहित्य घालून निघायचं, ते कळतं.

कलम ६७

रेल्वे कायदा १९८९ चा. त्याचं ६७ वं कलम संपूर्ण धोकादायक आणि उपद्रवी मालाबद्दल आहे. असा माल रेल्वेकडे द्यायचा तर दोन गोष्टी सक्तीच्या. पॅकिंगवर बाहेरून ठळक खूण हवी, आणि माल घेणाऱ्या अधिकृत कर्मचाऱ्याला लेखी सूचना हवी. ही सूचना दिलेली नाही आणि तरी आत तसलाच माल आहे असं मानायला कारण असेल, तर रेल्वे कर्मचारी तो नग उघडून बघू शकतो.

या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे ते पाचवं उपकलम. त्याचा अर्थ असा: या कलमातल्या अटी पाळलेल्या नाहीत असं मानायला कारण असेल, तर कुठलाही रेल्वे कर्मचारी असा माल घ्यायला नकार देऊ शकतो, वाटेत असलेला माल थांबवू शकतो, किंवा तो काढायला लावू शकतो. ‘कुठलाही रेल्वे कर्मचारी’ हे शब्द मुद्दाम बघा. विभागीय व्यवस्थापक नाही, वरिष्ठ अधिकारी नाही. मालधक्क्यावरचा कारकून, स्टेशन मास्तर, यार्डातला कर्मचारी, सगळे त्यात येतात. आणि पुरावा हातात असायची अट नाही. ‘मानायला कारण’ असलं की पुरे. वास येतोय, पिंपाच्या बुडाशी डाग आहे, कागदावर साबण लिहिलाय आणि हातमोज्याला भोकं पडतायत, ही कारणं झाली.

पण या कलमाला दोन मर्यादा आहेत, आणि दोन्ही मला टोचतात. पहिली म्हणजे सरकारच्या आदेशाने किंवा सरकारच्या वतीने पाठवलेल्या मालाला ही नग उघडण्याची आणि माल थांबवण्याची तरतूद लागू नाही. सैनिक किंवा पोलीस कामावर असताना सोबत नेतात त्या मालालाही नाही. दारूगोळ्याच्या बाबतीत याचं कारण समजू शकतं. स्टेशन मास्तरने लष्कराची पेटी उघडावी, असं कुणी म्हणणार नाही. तरी सरकारी रसायन खासगी रसायनापेक्षा सौम्य नसतं, आणि कायद्याने इथे दोघांना वेगळं मोजलंय.

दुसरी मर्यादा शिक्षेची. बेकायदा धोकादायक माल रेल्वेत आणला तर कलम १६४ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय नुकसान झालं तर भरपाईची जबाबदारी. तीन वर्षं कैद ठीक आहे. पण हजार रुपये? खोटी नोंद करून रसायनाची पिंपं पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला हजार रुपयांची काय भीती? त्याची हमालीसुद्धा त्याहून जास्त होते. या आकड्याकडे कुणीतरी लक्ष द्यायला हवं.

लाल बावटा कुणीही रेल्वेवाला दाखवू शकतो

कलम ६७ मालाच्या कागदपत्रांबद्दल आणि पॅकिंगबद्दल आहे. कागद चोख आहेत, खुणा बरोबर आहेत, आणि तरी धावत्या गाडीची झडप गळतेय, तर? तिथे रेल्वेचे ‘सामान्य नियम’ कामाला येतात. ते १९७६ चे. त्यातला २.११ क्रमांकाचा नियम प्रत्येक रेल्वे कर्मचाऱ्यावर थेट कर्तव्य टाकतो. सिग्नल बिघडलाय, रुळावर अडथळा आहे, गाडीत काही गडबड आहे, किंवा लोकांच्या सुरक्षिततेला धोका होईल असं काही वेगळं दिसतंय, तर त्याने अपघात टाळण्यासाठी लागेल ते पाऊल ताबडतोब उचलायचं आणि जवळच्या स्टेशन मास्तरला सर्वात जलद मार्गाने कळवायचं. म्हणजे आधी कृती, मग कळवणं. परवानगीचा टप्पाच नाही.

आमच्या इमारतीत एक निवृत्त पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारे, काका राहतात. त्यांना मी विचारलं, “काका, तुम्हाला कधी भीती नाही वाटायची, की उगाच गाडी थांबवली म्हणून मेमो येईल?”

ते म्हणाले, “अरे, थांबवली म्हणून मेमो आला तर उत्तर देता येतं. नाही थांबवली म्हणून आला तर काय देणार? फक्त एक ध्यानात ठेव. गाडी तुटली असेल तर लाल नाही दाखवायचा.”

हे मला आधी उलटं वाटलं. त्यांनी समजावलं. गाडी तुटली, म्हणजे कपलिंग सुटून मागचे डबे वेगळे पडले आणि तेही मागून येतायत, अशा वेळी लाल बावटा बघून पुढच्या चालकाने ब्रेक मारला तर मागचा तुकडा येऊन त्याच्यावर आदळेल. म्हणून २.११ मध्येच लिहून ठेवलंय की अशा वेळी थांबण्याची खूण करायची नाही. ओरडून, हातवारे करून चालकाचं किंवा गार्डचं लक्ष वेधायचं. आता एअर ब्रेकमुळे नळी तुटली की दोन्ही तुकड्यांना आपोआप ब्रेक लागतो, पण नियम तसाच आहे, आणि टाकीच्या गाडीच्या बाबतीत तो असावाच.

बाकी सगळ्या वेळी लाल. दिवसा लाल बावटा. तो नसेल तर दोन्ही हात डोक्यावर उंच. रात्री लाल दिवा. तोही नसेल तर पांढरा दिवा अंगासमोर आडवा जोरजोरात हलवायचा. थांबलेल्या गाडीचं मागून-पुढून रक्षण करायचं तर ब्रॉडगेजवर सहाशे मीटरवर एक आणि बाराशे मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन डिटोनेटर रुळावर ठेवायचे. इंजिन त्यावरून गेलं की मोठा आवाज होतो आणि चालकाला कळतं. बाराशे मीटर एवढं अंतर उगाच नाही. भरधाव भरलेल्या गाडीला उभं राहायला तेवढी जागा लागू शकते. दिव्याच्या फाटकावर उभं राहून हात केला आणि गाडी समोर येऊन थांबली, असं होत नाही.

स्टेशन मास्तर सिग्नल लाल करू शकतो. सेक्शन कंट्रोलर मागच्या-पुढच्या स्टेशनांना गाडी धरून ठेवायला सांगू शकतो. लोको पायलट आणि गार्ड, ज्याला आता ट्रेन मॅनेजर म्हणतात, दोघांच्या हातात ब्रेक आहे. पाटा जवळून बघणारा ट्रॅकमन, फाटकातला गेटमन यांच्याकडे बावटा आहे. धडधडत जाणाऱ्या गाडीकडे स्टेशनवरचा माणूस झेंडी धरून उभा दिसतो ना, तो नुसता हजेरी लावत नसतो. चाकातून धूर येतोय का, काही लोंबकळतंय का, काही गळतंय का, हे त्याने बघायचं असतं.

ती नजर किती मोलाची, हे अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ईस्ट पॅलेस्टाईन गावी ३ फेब्रुवारी २०२३ ला दिसलं. तिथे हे काम रुळाकडेची यंत्रं करतात. धुरा तापलाय का ते मोजतात. एका डब्याच्या बेअरिंगचं तापमान एकामागून एक यंत्रांवर चढत गेलं, पण ठरवलेली धोक्याची रेषा ते ओलांडेपर्यंत गाडी थांबवा असा इशारा मिळाला नाही. मिळाला तेव्हा उशीर झाला होता. अडतीस डबे घसरले, त्यातल्या अकरांत घातक रसायनं होती. तीन दिवसांनी व्हिनाइल क्लोराइड मुद्दाम जाळून टाकावं लागलं. थांबवण्याचा अधिकार सगळ्यांकडे होता. कधी वापरायचा याची रेषा चुकीच्या जागी आखलेली होती.

थांबवली, पण कुठे?

टाक्यांची गाडी थांबवणं म्हणजे अर्धंच काम. ती कुठे थांबते आणि थांबून राहते का, यावर पुढचं सगळं अवलंबून.

कल्याणहून येताना पारसिकचा बोगदा लागतो. १९१६ चा, साधारण सव्वा किलोमीटर लांब. गळणारी गाडी आत उभी राहिली तर वायू कोंडून राहील आणि अग्निशमन दलाला शिरताही येणार नाही. ठाणे स्टेशनात उभी केली तर फलाटांवर हजारो माणसं. मुंब्र्यात दोन्ही बाजूंना इमारती. म्हणजे कधी कधी गाडी थांबवण्यापेक्षा आणखी दोन किलोमीटर पुढे मोकळ्या जागी नेणं शहाणपणाचं. हा निर्णय कंट्रोलने, म्हणजे रेल्वेच्या नियंत्रण कक्षाने, घ्यायचा असतो, आणि त्यासाठी मोकळी जागा कुठे आहे, वारा कुठल्या दिशेने आहे, याची माहिती आधीपासून हवी.

भोपाळला २ डिसेंबर १९८४ च्या रात्री असाच प्रसंग आला. वायू गाडीतून आला नव्हता, कारखान्यातून आला होता. स्टेशनवरचे उपअधीक्षक गुलाम दस्तगीर यांनी वरच्या मंजुरीची वाट न बघता फलाटावर उभी असलेली प्रवासी गाडी पुढे सोडली आणि शेजारच्या स्टेशनांना भोपाळकडे येणाऱ्या गाड्या रोखायला सांगितलं. एक गाडी हलवली, बाकीच्या थांबवल्या. कितीतरी जीव वाचले. दस्तगीर स्वतः त्या वायूने आयुष्यभर आजारी राहिले.

थांबलेली गाडी थांबून राहत नाही तेव्हा काय होतं, हे कॅनडातल्या लॅक-मेगँटिक गावाने भोगलं. ५ जुलै २०१३ च्या रात्री कच्च्या तेलाच्या ७२ टाक्यांची गाडी गावापासून वर, उतारावर उभी करून चालक विश्रांतीला गेला. सात हँडब्रेक लावले होते. तेवढे पुरेसे नव्हते. गाडीला खरं धरून ठेवलं होतं ते इंजिनाच्या हवेच्या ब्रेकने. थोड्या वेळाने इंजिनाला आग लागली. स्थानिक अग्निशमन दल आलं, त्यांनी आग विझवली, आणि विझवताना इंजिन बंद केलं. त्यांच्या दृष्टीने काम चोख झालं होतं. इंजिन बंद, म्हणून हवा भरणं बंद. हवा हळूहळू गळत गेली, ब्रेक सैल पडले, आणि मध्यरात्रीनंतर गाडी कुणीही आत नसताना उतारावरून निघाली. गावात शिरताना तिचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे होता. ४७ माणसं मेली. गावाचा मध्यभाग जळून गेला.

आपल्याकडे असं होणार नाही, असं म्हणायची सोय नाही. २५ फेब्रुवारी २०२४ ला जम्मूतल्या कठुआहून ५३ वॅगनची खडीची मालगाडी चालकाशिवाय सुटली आणि सत्तर किलोमीटरहून जास्त पळत थेट पंजाबात उंची बस्सीपर्यंत गेली. वाटेतली फाटकं, स्टेशनं वेळेत मोकळी केली म्हणून कुणी दगावलं नाही. त्यात खडी होती. नियम आपल्याकडेही आहेत: हँडब्रेक आवळायचे, चाकाखाली लाकडी पाचर मारायची, साखळीने बांधून कुलूप घालायचं. ते प्रत्येक वेळी, प्रत्येक यार्डात पाळायचे, इतकंच.

आणि अग्निशमन दलाबद्दल एक गोष्ट. आपल्या मार्गावर डोक्यावर पंचवीस हजार व्होल्टची तार आहे. रेल्वेच्या वीज नियंत्रकाने तारेतली वीज बंद करून तसा निरोप दिल्याशिवाय टाकीवर पाण्याचा फवारा मारणं म्हणजे जवानाचा जीव धोक्यात घालणं. १३ जुलै २०२५ ला तमिळनाडूत तिरुवल्लूरजवळ डिझेलच्या मालगाडीला आग लागली, तेव्हाही तारेची वीज तोडावी लागली आणि चेन्नईकडची वाहतूक थांबली. म्हणजे ठाण्याचं अग्निशमन दल कितीही लवकर पोचलं तरी पहिला फोन रेल्वेला जायला हवा.

वरच्या पायऱ्या

कर्मचाऱ्याचा अधिकार त्या गाडीपुरता, त्या क्षणापुरता. एखाद्या मार्गावरून ठराविक माल नेणंच बंद करायचं असेल, तर तो अधिकार केंद्र सरकारचा. रेल्वे कायद्याच्या कलम ७१ खाली केंद्र सरकार लोकहितासाठी रेल्वेला आदेश देऊ शकतं की अमुक माल तमुक मार्गाने न्या, किंवा अमुक स्टेशनवर तो स्वीकारू नका. आदेश एका वेळी एक वर्षापर्यंत. मला विचाराल तर शहरी वस्तीसाठी या कायद्यातलं सर्वात कामाचं आणि सर्वात दुर्लक्षित कलम हेच आहे.

दुसरी वाट रेल्वे सुरक्षा आयुक्तांची. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाचे नाहीत. ते नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात, म्हणजे रेल्वेची तपासणी रेल्वेच्या बाहेरच्या माणसाने करावी. त्यांच्या पाहणीनंतर एखादा मार्ग किंवा एखाद्या प्रकारची वॅगन वापरणं धोक्याचं आहे असं त्यांनी केंद्राला कळवलं, तर कलम २५ खाली केंद्र तो मार्ग प्रवासी वाहतुकीला बंद करू शकतं, त्या वॅगनचा वापर थांबवू शकतं किंवा अटी घालू शकतं. हे कलम प्रवासी वाहतुकीसाठी उघडलेल्या मार्गांबद्दल बोलतं. दिवा–पनवेलवरून लोकही प्रवास करतात, म्हणून तो मार्ग त्यात बसतो.

स्फोटकांसाठी १८८४ चा आणि पेट्रोलियमसाठी १९३४ चा कायदा आहे. दोन्हींची अंमलबजावणी करणाऱ्या पेसो (पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना) या संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. स्फोटक कायद्याच्या नियमांखाली अधिकृत अधिकारी वाहतुकीत असलेली स्फोटकं तपासू शकतो, जप्त करू शकतो, गरज पडली तर नष्टही करू शकतो. रेल्वे कायद्यातच म्हटलंय की कलम ६७ मुळे स्फोटक कायद्याला बाधा येत नाही.

मग कलेक्टर काय करू शकतात?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत रेल्वे केंद्राच्या यादीत आहे, २२ व्या क्रमांकावर. पोलीस राज्याच्या यादीत, आणि तिथे स्पष्ट लिहिलंय की त्यात रेल्वे पोलीसही आले. म्हणून ठाणे स्टेशनात जीआरपीचा, म्हणजे रेल्वे पोलिसांचा, हवालदार राज्याचा आणि आरपीएफचा, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाचा, जवान केंद्राचा. गुन्हा घडला तर जीआरपी डबा अडवून तपास करू शकते. पण धोकादायक मालाच्या गाड्या आमच्या हद्दीतून नेऊ नका, असा आदेश काढायचा अधिकार राज्याला नाही, आणि ठाणे किंवा नवी मुंबई महापालिकेला तर मुळीच नाही.

असा प्रयत्न झालेला आहे, अमेरिकेत. जानेवारी २००५ मध्ये दक्षिण कॅरोलिनातल्या ग्रॅनिटव्हिलला रेल्वे अपघातात क्लोरीन सुटून नऊ माणसं गेली. पुढच्याच महिन्यात वॉशिंग्टनच्या नगर परिषदेने संसदभवनापासून साधारण साडेतीन किलोमीटरच्या आत असा माल नेण्यावर बंदी घातली. सीएसएक्स ही रेल्वे कंपनी न्यायालयात गेली, आणि वरच्या न्यायालयाने बंदीला रोखलं. कारण तेच: रेल्वे सुरक्षा हा केंद्राचा विषय, प्रत्येक शहराने वेगळा नियम केला तर माल शेजारच्या गावाच्या गळ्यात पडेल. मला हा युक्तिवाद पटतो. दिव्यातून हटवलेली गाडी हवेतून जाणार नाही. कर्जत किंवा पेणच्या कुणाच्या तरी अंगणामागून जाईल.

तरी कलेक्टर रिकाम्या हातांचे नाहीत. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा. जिल्हाधिकारी हे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष. आपत्ती आली किंवा येऊ घातली, तर कलम ३४ खाली ते बाधित भागात वाहनांची ये-जा रोखू शकतात, माणसांना आत जाण्यास मनाई करू शकतात. आदेश मोडणाऱ्याला कलम ५१ खाली शिक्षा आहे. ‘वाहनांची ये-जा’ यात आगगाडी बसते का, यावर दोन वकील तासभर वाद घालतील. पण रात्री तीन वाजता त्या वादात कुणी पडत नाही. प्रत्यक्षात कलेक्टर कार्यालयातून विभागीय कंट्रोलला फोन जातो आणि रेल्वे गाड्या थांबवते. अडचण आलीच तर केंद्राच्या पातळीवर राष्ट्रीय कार्यकारी समिती केंद्रीय मंत्रालयांनाही निर्देश देऊ शकते. मार्च २०२० ची टाळेबंदी त्याच कायद्याखाली आली होती. तेव्हाही प्रवासी गाड्या थांबल्या, मालगाड्या चालूच राहिल्या, आणि दोन्ही निर्णय केंद्राचे होते.

उच्च न्यायालयाची वाट अनुच्छेद २२६ खाली सगळ्यांना खुली आहे. पण गळत्या टाकीसाठी कुणी याचिका लिहीत बसत नाही. मार्ग, वस्ती, साठवण यांसारख्या रोजच्या धोक्यासाठी ती वाट.

आपण?

आपल्याला गाडी थांबवण्याचा कायदेशीर अधिकार नाही. मालगाडीला साखळीही नसते. रुळावर बसून गाडी अडवली तर कलम १७४ लागतं: दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कारण कितीही खरं असो. जानेवारी २०१५ मध्ये दिव्यात लोकांनी रूळ अडवले तेव्हा त्यांचा संताप समजण्यासारखा होता. कायद्याने तरीही त्यांना कवच दिलं नव्हतं. आणि टाकीच्या गाडीसमोर गर्दी गोळा करणं म्हणजे, गळती खरी असेल तर, सर्वात जास्त माणसं सर्वात धोक्याच्या जागी नेणं.

पण ज्याला अधिकार आहे त्याला ‘मानायला कारण’ पुरवणं, हे आपल्या हातात आहे. फोन १३९ वर करा, हा रेल्वेचा क्रमांक. किंवा ११२ वर. फाटक जवळ असेल तर गेटमनला आधी सांगा, त्याच्याकडे स्टेशनशी थेट फोन असतो. आणि जागा सांगताना ‘दिव्याच्या पुढे, मंदिराजवळ’ असं सांगू नका. रुळाच्या कडेला विजेच्या तारेचे जे खांब आहेत, त्यांच्यावर छोटी पाटी असते: वर किलोमीटरचा आकडा, खाली खांबाचा. तो आकडा सांगितला की कंट्रोलमधल्या माणसाला नेमकी जागा कळते. आपल्या खिडकीतून दिसणाऱ्या खांबाचा आकडा आजच बघून ठेवावा. टाकीचा संयुक्त राष्ट्र क्रमांक दिसला तर तोही, पण तो वाचायला जवळ जायचं नाही. लांबून मोबाईलने फोटो काढून मोठा करून बघायचा. मग वाऱ्याच्या आडव्या दिशेने निघून जायचं.

मला मात्र सर्वात जास्त काळजी अधिकारांची वाटत नाही. ते पुरेसे आहेत. काळजी वाटते ती माहितीची. लॅक-मेगँटिकनंतर कॅनडाच्या सरकारने सतरा दिवसांत आदेश काढला: टाक्यांतून धोकादायक माल नेणारी गाडी एकट्या माणसाने चालवायची नाही आणि मुख्य मार्गावर बेवारस सोडायची नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दुसरा आदेश आला, ‘संरक्षक निर्देश ३२’. रेल्वे कंपन्यांनी ज्या गावांमधून गाड्या जातात त्या गावांच्या आपत्कालीन अधिकाऱ्यांना, तिथून कुठला धोकादायक माल किती प्रमाणात जातो, हे कळवायचं. अधिकाऱ्यांनी ते गुप्त ठेवायचं, म्हणजे घातपाताची भीती राहत नाही. पण अग्निशमन दलाला आधीच कळतं की फोम किती साठवायचा, क्लोरीनचे मुखवटे किती लागतील.

आपल्या रेल्वेकडे ही माहिती आहे. कुठल्या रेकमध्ये कुठली वॅगन, तिच्यात काय, ती आत्ता कुठे आहे, हे रेल्वेच्या मालवाहतूक संगणक प्रणालीत, फॉइसमध्ये, नोंदलेलं असतं. प्रश्न इतकाच की त्यातलं किती ठाण्याच्या आणि रायगडच्या जिल्हा प्राधिकरणापर्यंत, या पट्ट्यातल्या महापालिकांच्या आपत्ती कक्षांपर्यंत नियमितपणे पोचतं.

आपत्ती कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्याचा आराखडा असतो आणि त्याचा दरवर्षी आढावा घ्यायचा असतो. दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात टाकून तीन गोष्टी विचारता येतात. दिवा–पनवेल आणि दिवा–वसई मार्गांवरच्या धोकादायक मालाचा उल्लेख आराखड्यात आहे का. रेल्वेने गेल्या वर्षात या मालाच्या प्रकारांची माहिती प्राधिकरणाला दिली का. आणि रेल्वे, अग्निशमन दल व आरोग्य विभाग यांचा टाकीगळतीचा एकत्र सराव शेवटचा कधी झाला. आमच्या सोसायटीचा अर्ज या आठवड्यात जातोय. तळोजा, कळंबोली, मुंब्र्यातून आणखी काही गेले, तर तिकडच्या टेबलावर ही फाईल वर येईल.